चढणीला पिकअप हवा म्हणून इंजिनच बदलायचं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर. माझ्याकडे काकांची १९६७ ची एमजीबी रोडस्टर आहे, दोन सीटची उघडी ब्रिटिश गाडी. काका बोटीवर होते, रिटायर झाल्यावर त्यांनी ती मुंबईतनं घेतली आणि ते गेल्यावर गाडी कित्येक वर्षं आमच्या चिऱ्याच्या शेडमध्येच उभी होती. आता बॉडी, वायरिंग, ब्रेक सगळं करून घेतलंय, गाडी चालते, सपाटीला मस्त पळते पण चढण आली की जीवच नाही. केरीवरनं चोर्ला घाट चढायला गेलो तर तिसऱ्यात ओढतच नाही, दुसऱ्यात टाकली तरी आचके देते. मेकॅनिक म्हणतो हे इंजिन काढा आणि काँटेसाचं इसुझू १८०० टाका, नाहीतर एखादं डिझेल बसवू, खालचा पिकअप असा येईल की बघत राहाल. इंग्लंडमधला मित्र म्हणतो टाकायचंच तर रोव्हरचं व्ही-८ टाक. मला रेसिंग नको, फक्त खालून ओढणारी गाडी हवी. काय करू? देव बरें करूं.
एक वाचक, फोंडा

उत्तर: आधी गाडीला हात लावू नका, म्हणजे इंजिन उतरवायला लावू नका एवढंच सांगतो, कारण तुमच्या पत्रात जे लिहिलंय त्यावरनं इंजिन कमी पडतंय असं मला वाटत नाही, इंजिनात जे होतं ते कुठेतरी गळतंय असं वाटतं.

बघा, तुमच्या गाडीचं इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, १७९८ सीसी, १९६४ च्या शेवटापासून पाच मेन बेअरिंगचं झालं, तुमचं तेच. कंपनीचा आकडा ५४०० आरपीएमला ९५ बीएचपी आणि टॉर्क, म्हणजे फिरवायची ओढ, ३००० आरपीएमला साधारण १४९ न्यूटन-मीटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ८८.९ मिमी, म्हणजे स्ट्रोक लांब. हे वरच्या आरपीएमला किंचाळणारं इंजिन कधीच नव्हतं, पहिल्यापासून खालनं ओढणारंच आहे. आणि गाडीचं वजन? सुमारे साडेनऊशे किलो, आजच्या एखाद्या मध्यम हॅचबॅकएवढंच.

आता घाटाचा हिशोब करू. दोन माणसं धरून अकराशे किलो, चढण दहाला एक, वेग ताशी ४० किमी. वर खेचायला साधारण १०७५ न्यूटन आणि टायरचं घर्षण धरून साडेबाराशेच्या आसपास न्यूटन लागतात, त्याला ४० च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ११ मीटरने, गुणलं की १४ किलोवॅटच्या जवळ येतं, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये जातं ते धरून १६ म्हणा. इंजिन देतं ७१ किलोवॅट, म्हणजे तेच ९५ बीएचपी. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला तुमचं इंजिन सुमारे १९०० ला फिरत असणार, तिथे हे १६ किलोवॅट काढायला ८० न्यूटन-मीटर पुरतात. निरोगी बी-सिरीज त्या आरपीएमला याच्यापेक्षा पुष्कळ जास्त देतं. म्हणजे धडधाकट एमजीबी असली चढण तिसऱ्यात चढायलाच हवी, आणि तुमची दुसऱ्यात आचके देते. मग मोठं इंजिन कशाला शोधायचं, आहे ते कुठे हरवलंय ते शोधा.

सुरुवात इंजिनाकडनं नको, चाकांकडनं करा. एवढी वर्षं पावसाळ्यात शेडमध्ये उभी राहिलेली गाडी, मागच्या ड्रमचे शू आणि हँडब्रेकची केबल आपल्या दमट हवेत हमखास पकडतात, ब्रेक केलेत म्हणता पण केबल बदलली का ते बघा. गाडी जॅकवर घ्या, न्यूट्रलमध्ये चाकं हाताने फिरवा, सैल फिरायला पाहिजेत. पुढचे कॅलिपरचे पिस्टनही गंजून अडकतात, ते पण बघा. मग टायर. मूळ १४ इंची. कुणी हौसेने मोठ्या व्यासाचे टायर टाकले असतील तर ते दहा टक्के मोठे असले की चढणीची ओढ तेवढीच कमी झाली, इंजिनाचा काय दोष त्यात. आणि तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन हळू फिरावं म्हणून दिलेला जादा गिअर, आहे का? तो तिसऱ्या आणि चौथ्यात लागतो, रेशो ०.८ च्या आसपास, तो आत अडकून राहिला असेल तर तिसऱ्यात गाडी मेल्यासारखी वाटणारच. क्लच घसरतोय का तेही बघा, चढणीला आरपीएम वाढतंय पण वेग नाही असं झालं तर तोच.

आता इंजिन. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं घ्या, गरम इंजिनवर, प्लग सगळे काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या वर फरक नको. ज्यात कमी आहे त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व. व्हॉल्वचं मुद्दाम लिहितोय कारण आपल्याकडे २००० सालापासून शिसं नसलेलं पेट्रोल आलं आणि या हेडमधल्या जुन्या सीट त्याला चालत नाहीत, एक्झॉस्टचा व्हॉल्व हळूहळू सीटमध्ये आत जातो, टप्पेटची गॅप बंद होते, व्हॉल्व नीट बसत नाही, आणि याचा पहिला मार खालच्या आरपीएमला बसतो कारण तिथे गळायला वेळ जास्त मिळतो. हेडला कडक सीट बसवून घेणं हे काम एकदा करावंच लागतं, नंतर मग काळजी नाही.

मग टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते ते. डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं आणि स्प्रिंगा गंजून जाम झाल्या असतील तर आरपीएम वाढलं तरी अ‍ॅडव्हान्स येतच नाही, म्हणजे ठिणगी लवकर पडत नाही, व्हॅक्यूमचा डायफ्रॅम फाटला असेल तर अर्ध्या थ्रॉटलला गाडी सुस्त. दोन्ही टायमिंग लाइट लावून दहा मिनिटांत कळतं. दोन एसयू मेकच्या कार्बोरेटरपैकी प्रत्येकाच्या वरच्या डॅशपॉटमध्ये ऑइल आहे का बघा, तुमच्या आचक्यांचं कारण मला तरी इथेच वाटतं, ते ऑइल नसलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या दाबल्या आतला पिस्टन एकदम वर उडतो, मिश्रण पातळ होतं आणि गाडी अडखळते. थ्रॉटलचे स्पिंडल झिजून बाजूने हवा घेत असतील तर तेही मिश्रण पातळच करतं. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतायत का ते नळी कानाला लावून ऐका, आपल्याकडचे जुने फिटर असंच करतात आणि बरोबर करतात.

आणि कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा. मुंबईकडनं आलेल्या जुन्या स्पोर्ट्स गाडीत आधीच्या मालकाने फास्ट कॅम टाकलेला असू शकतो. अशा कॅममध्ये इनलेट व्हॉल्व उशिरा बंद होतो, वरच्या आरपीएमला हवेचा जोर असतो म्हणून ती तरीही आत घुसत राहते आणि ताकद वाढते, पण खाली १५००-२००० ला तो जोर नसतो, पिस्टन वर यायला लागला की आत आलेली हवा परत इनटेकमध्ये ढकलली जाते. जेवढी हवा आत अडकली तेवढाच टॉर्क, दुसरं गणितच नाही. टायमिंग चेन ढिली झाली की कॅम मागे पडतो आणि अगदी हेच होतं, चांगला स्टँडर्ड कॅमसुद्धा फास्ट कॅमसारखा वागायला लागतो. म्हणून नवी चेन, टेन्शनर आणि कंपनीचा स्टँडर्ड कॅम, तो नीट डिग्री लावून बसवलेला, ही खालच्या पिकअपसाठी सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

एवढं करूनही अजून हवंच असेल तर त्याच ब्लॉकमध्ये वाव आहे. ६० थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) बोअर केलं की १८६८ सीसी होतं, हेड थोडं प्लेन करून कॉम्प्रेशन जरा वाढवा, नॉकिंग होणार नाही एवढंच, आणि कॅम स्टँडर्डच ठेवा. आपल्या अँबॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं, स्ट्रोकही तोच ८८.९. पिस्टन चालणार नाहीत कारण अँबॅसिडरचं बोअर ७३ मिमीचं आहे, पण ज्या माणसाने आयुष्यभर अँबॅसिडरची इंजिनं बांधली त्याला तुमचं इंजिन परकं वाटणार नाही. असा माणूस मडगाव-बेळगावकडे अजून सापडतो, त्याला शोधा, तो इसुझू टाका म्हणणाऱ्यापेक्षा तुमच्या कामाचा.

मेकॅनिकच्या सल्ल्याबद्दल. काँटेसाचं इसुझू इंजिन चांगलं होतं, त्याबद्दल दुमत नाही, पण ते १८१७ सीसीचं, तुमचं १७९८ चं. एवढं माउंटिंग कापा, प्रोपेलर शाफ्ट नवा करा, संप बदला, आणि मिळवायचं काय तर १९ सीसी. डिझेलने खालचा टॉर्क नक्की येईल, ते मी नाकारत नाही, पण लोखंडाचं ते वजन पुढच्या चाकांवर बसणार, आणि या गाडीचं जे काही सुख आहे ते वळणात आहे, घाटाच्या वळणात नाक बाहेर ओढत राहिलेली एमजीबी कुणासाठी ठेवायची?

हे खुद्द कंपनीनेच करून बघितलंय. १९६७ मध्ये त्यांनी याच बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन टाकून एमजीसी काढली. इंजिन एवढं जड आणि लांब की पुढचं सस्पेन्शनच बदलून टॉर्शन बार लावावे लागले, लोकांनी पुढनं जड म्हणून नावं ठेवली आणि १९६९ मध्ये ती बंदही झाली. मग केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज गृहस्थाने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये रोव्हरचं व्ही-८ बसवून दाखवलं आणि मागोमाग कंपनीने १९७३ मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ काढली. ते इंजिन ३५२८ सीसीचं, मूळ अमेरिकन ब्यूकचं डिझाइन, पण पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं, वजन जवळपास तुमच्या लोखंडी चार सिलिंडरएवढंच, आणि टॉर्क २९०० ला २६२ न्यूटन-मीटर. म्हणून ते जमलं. तुमचा मित्र चुकीचं सांगत नाहीये, इंजिन बदलायचंच असेल तर जगात या गाडीसाठी तेच योग्य. पण कंपनीने त्याबरोबर मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.९ वरनं ३.०७ ला आणला, ब्रेक वाढवले, रेडिएटर वेगळा दिला. नुसतं इंजिन कधीच बदलत नाही, त्याच्या पाठोपाठ सगळी गाडी बदलते, आणि आपल्या एप्रिल-मे मध्ये पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये ते व्ही-८ थंड ठेवायचं म्हणजे आणखी वेगळं काम.

शेवटी कागद, आणि इथे मात्र हयगय नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे आहे आणि कंपनीने जे मूळ दिलंय त्यापासून गाडी बदलायची नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी घट्ट केलं. त्याच जातीचं, त्याच मेकचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बदलता येतं, आरसीवर नवा नंबर चढतो. परकं इंजिन टाकलं आणि उद्या बोरीच्या पुलावर काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला बोनेट उघडून इंजिन नंबर बघणार. शिवाय तुमची गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० आणि मुदत १० वर्षं, पण अट अशी की चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. तुमच्या काकांची गाडी आज त्या अटीत बसते. इंजिन बदललंत की तो दरवाजा बंद. हेही लक्षात ठेवा की व्हिंटेज नोंदणीवर रोजची चालवणी चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच, तेव्हा दर रविवारी चोर्ला करायचा असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

प्रश्न: ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आहे, इंजिन १२९६ सीसी. इंजिन उघडायला झालंय. स्पिटफायर १५०० चं इंजिन मिळतंय, पूर्ण. टाकावं का? मला ४००० च्या वर पळवायची हौस नाही, गावच्या रस्त्याला चौथ्यात आरामात जावी एवढंच.
एक वाचक, म्हापसा

उत्तर: वरच्या पत्राला नको म्हटलं पण तुम्हाला हो म्हणतोय, कारण हे एकाच घरातलं इंजिन आहे. बोअर दोघांचं सारखं ७३.७ मिमी, फक्त स्ट्रोक ७६ वरनं ८७.५ झालाय आणि त्याने १४९३ सीसी होतं. आकडे बघा, मार्क ३ ची ताकद ७५ बीएचपी ६००० ला, टॉर्क सुमारे १०२ न्यूटन-मीटर पण ४००० ला. १५०० ची ताकद उलट कमी, ७१ बीएचपी ५५०० ला, पण टॉर्क १११ न्यूटन-मीटर आणि तो ३००० ला. म्हणजे तुम्हाला जे हवंय नेमकं तेच.

त्यात अजून एक गोष्ट तुमच्या बाजूची. मार्क ३ चा मागचा अ‍ॅक्सल ४.११ चा आणि १५०० ला इंग्लंडमध्ये ३.६३ चा दिला होता. तुम्ही आपला ४.११ चाच ठेवा. चाकाकडे १३ टक्के जास्त ओढ त्यातनंच मिळते, एकही पैसा न घालता, फक्त हायवेला आरपीएम जरा जास्त राहील आणि तुम्हाला तर तिथे पळवायचीच नाहीये.

पण १५०० चा क्रँक तीनच बेअरिंगवर आहे आणि स्ट्रोक लांब, त्याला वर ताणलेलं सोसत नाही, बिग एंड बेअरिंगा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या) जातात. घ्यायच्या आधी आणखी एक तपासा, कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढची पुली मागेपुढे हलते का बघा. डोळ्याला दिसण्याएवढी हलली तर क्रँकला मागेपुढे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेत, आणि ते खाली पडून तसंच चालवलेलं इंजिन असेल तर ब्लॉकच खाल्लेला असतो, असं इंजिन फुकट मिळालं तरी नको. बिग एंडची शेलं आणि थ्रस्ट वॉशर नवेच टाका, ऑइल वेळेवर बदला. तुमचं १२९६ चं इंजिन विकू नका, ग्रीस लावून, प्लगच्या भोकातनं ऑइल सोडून, कोरड्या जागी झाकून ठेवा. सीसी बदलतोय म्हणजे आरसीचा प्रश्न इथेही आहे, घराणं तेच असलं तरी तुमच्या मॉडेलचा आकडा १२९६ आहे, तेव्हा इंजिन उतरवायच्या आधी म्हापसा आरटीओत लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच पाना उचला. नाही म्हणाले तर १२९६ च नीट बांधा, ४.११ अ‍ॅक्सलवर तेही काही वाईट नाही.

प्रश्न: सॅन स्टॉर्म वापरतो. हिला क्लासिक म्हणतात की नाही माहीत नाही पण माझ्यासाठी आहे. इंजिन मोठं करता येईल का?
एक वाचक, वास्को

उत्तर: आपल्या गोव्यात तयार झालेली दोन सीटची उघडी गाडी, माझ्यासाठीही आहे. तिला रेनोचं १.२ लिटर, ६० बीएचपीचं इंजिन, फायबरची बॉडी, आणि ओढ पुढच्या चाकांना. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाठोड्यात असतात, त्यामुळे मोठं इंजिन म्हणजे गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, माउंटिंग सगळंच आलं, वर जोरात दाबलं की स्टिअरिंग हातातनं ओढायला लागणार. हलकी गाडी आहे, ती हलकीच राहू द्या. इंजेक्टर स्वच्छ करा, थ्रॉटल बॉडी धुवा, कॉम्प्रेशन बघा, इंजिन माउंट नवे टाका, आणि फायबरच्या आतली लोखंडी फ्रेम वास्कोच्या खाऱ्या हवेत कुठे खाल्लीय का ते वर उचलून टोचून बघा, पैसे तिथे खर्च करा. अशा गाड्या आता थोड्याच उरल्यात.

प्रश्न: ई-२० पेट्रोल आल्यापासून माझ्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा खालचा पिकअप गेलाय असं वाटतं. खरंच असं होतं की माझ्या मनाचे खेळ?
एक वाचक, मडगाव

उत्तर: मनाचे खेळ नाहीत. शुद्ध पेट्रोलला एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलं की साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीत कॉम्प्युटर ते आपोआप जुळवतो, तुमच्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होतं आणि थ्रॉटल उघडताना गाडी दचकते, इंजिन गरमही राहतं. एसयू असेल तर जेट थोडं खाली घेऊन किंवा एक नंबर जाड मिश्रणाची नीडल टाकून जमतं, फिक्स जेटचा कार्बोरेटर असेल तर मेन जेट एक-दोन नंबर वाढवा आणि प्लगचा रंग बघत बघत थांबा, फिकट कॉफीचा रंग आला की पुरे.

रबर मात्र लगेच बघा. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, फ्लोट नीडलचं टोक, सगळ्या नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या जातीच्या टाका, इंजिनवर पेट्रोल टपकलं तर गाडीच जाईल. आणि पावसाळ्यात गाडी चार महिने उभी ठेवणार असाल तर हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली वेगळं बसतं आणि पत्र्याची टाकी आतनं गंजते. जूनच्या आधी टाकी रिकामी करून कोरडी ठेवा, कार्बोरेटरचे बाऊल पण, आणि चतुर्थीला गाडी काढायची असेल तर ताजं पेट्रोल घालून, फिल्टर नवा लावून मगच स्टार्टर मारा.